सेंद्रियचे पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

सगळं घर एकदम सेंद्रिय करायला निघालं की दोनेक महिन्यांत एक गोष्ट हमखास होते: ताटातली भाजी कमी होते. दुप्पट भावाची भेंडी अर्ध्या किलोऐवजी पाव किलो येते, ती चौघांत पुरवली जाते आणि उरलेली भूक पोळीवर आणि भातावर भागते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दोन हजार कॅलरींच्या दिवसाला माणशी ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळं, २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं (किंवा त्याऐवजी अंडी-मांस) धरली आहेत. चौघांच्या घरात रोज दीड किलोच्या वर भाजी झाली. बहुतेक घरांत याच्या निम्मीही शिजत नाही. म्हणून आधी हे माप गाठा, साध्या मंडईतल्या भाजीने का होईना. सेंद्रियचा खर्च त्यानंतर, आणि तोही सगळीकडे सारखा नाही.

फवारणी जिथे जास्त, तिथे आधी

कुठल्या भाजीत औषधाचा अंश राहण्याची शक्यता जास्त, हे ओळखायला एक साधी गोष्ट पुरते: तोडा किती दिवसांनी होतो. प्रत्येक कीडनाशकाला फवारणी आणि काढणी यांत ठराविक दिवस जाऊ द्यावे लागतात. कांदा एकदाच काढला जातो, त्यामुळे शेवटची फवारणी आणि काढणी यांत आपोआप अंतर पडतं. भेंडी मात्र दर दोन-तीन दिवसांनी तोडावीच लागते, नाहीतर जून होते. वांगी आणि मिरचीचंही तेच. झाडावर एकीकडे अळी, दुसरीकडे तोडणीला आलेलं फळ. शेतकऱ्याने आज फवारलं आणि परवा तोडलं, तर तो अंश पिशवीतून तुमच्या घरी येतो. युरोपीय संघात भारतातून जाणाऱ्या भेंडीची आणि कढीपत्त्याची कीडनाशकांसाठी जादा तपासणी होते, ती उगाच नाही.

तेव्हा पैसे मोजून सेंद्रिय घ्यायचंच असेल तर पहिला मान यांचा: भेंडी, वांगी, ढोबळी आणि हिरवी मिरची, फ्लॉवर, कोबी, कोथिंबीर-मेथी-पालक आणि द्राक्षं. पालेभाज्या यासाठी, की त्यांचं सगळं पानच आपण खातो, सोलायला काही नसतं. फ्लॉवर यासाठी, की त्याच्या गड्ड्यात पाणी नीट पोचत नाही. द्राक्षाला तर डाऊनी आणि भुरी या दोन बुरशींपायी छाटणीपासून सतत फवारण्या लागतात.

कांदा, लसूण, रताळी, सुरण, लाल भोपळा, मक्याची कणसं, नारळ, अननस, फणस, केळी ही सेंद्रिय घेण्याची घाई नको. जाड साल किंवा जमिनीतली वाढ त्यांना बरंच वाचवते, आणि साल आपण टाकूनच देतो.

कढीपत्ता विकत आणूच नका. चौदा इंची कुंडीत एक रोप लावलं, दिवसाला चार-पाच तास ऊन मिळालं आणि शेंडे खुडत राहिलात, तर घराला पुरतो. कोथिंबीरही तशीच: धणे हलक्या हाताने रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, सहा इंच खोल ट्रेमध्ये पेरा. चाळीसेक दिवसांत कापणीला येते. अख्खा धणा पेरला की उगवायला उशीर होतो आणि मग माणूस ‘बी वाईट होतं’ म्हणून सोडून देतो.

स्वस्तातली निवड आपल्याकडे आधीच आहे

रब्बी ज्वारी सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या जमिनीत जमिनीतल्या ओलीवर येते. तिला पाणी कमी, खत कमी, फवारणी त्याहून कमी. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. नाचणी आणि वरी डोंगरउतारावर येतात, तिथे कोणी पाठीवर पंप घेऊन फारसं जात नाही. आठवड्यातून चार दिवस गव्हाच्या पोळीऐवजी भाकरी केली, तर सेंद्रिय गव्हाला द्यायचे जास्तीचे पैसे वाचतात आणि तंतुमय पदार्थही वाढतात. सेंद्रियच्या नावाखाली मिळणारी ‘मल्टीग्रेन’ बिस्किटं हा त्याला पर्याय नव्हे. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलाच शब्द मैदा आणि तिसरा साखर असेल, तर ती सेंद्रिय साखर आणि सेंद्रिय मैदा आहे, एवढंच.

पावसाळ्यात रानभाज्या घ्या: टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटोली, शेवळं. यांतल्या बहुतेकांवर कोणी काही फवारत नाही. घेताना दोन गोष्टी पाहा. भाजी रस्त्याच्या कडेची किंवा नाल्याच्या पाण्यावरची नको. मुंबईत रेल्वे रुळांच्या कडेला पिकवलेला माठ आणि पालक ताजा दिसतो, पण सांडपाण्यातले धातू भाजीत उतरतात आणि ते धुऊन जात नाहीत. दुसरं, शेवळं घेतलीत तर सोबत काकडं घ्याच. आंबट फळाशिवाय शिजवली तर घसा खाजतो.

शिक्का काय सांगतो

पाकीटबंद मालावर ‘सेंद्रिय’ लिहायचं असेल तर एफएसएसएआयचे, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, २०१७ चे नियम लागू होतात, आणि १ जुलै २०१८ पासून ते बंधनकारक आहेत. पाकिटावर ‘जैविक भारत’चा लोगो हवा. त्याच्या मागे दोनपैकी एक व्यवस्था असते. पहिली एनपीओपी, म्हणजे बाहेरची संस्था शेत तपासून प्रमाणपत्र देते. त्याचा ‘इंडिया ऑरगॅनिक’ हा शिक्का. दुसरी पीजीएस, म्हणजे एका भागातल्या शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. पीजीएसमध्ये ‘ग्रीन’ लिहिलं असेल तर शेत अजून बदलाच्या काळात आहे. हंगामी पिकांना हा काळ पेरणीआधी दोन वर्षांचा असतो, फळबागांना तीन वर्षांचा. ‘ग्रीन’ माल वाईट नसतो, फक्त पूर्ण सेंद्रियच्या भावाने घेऊ नका.

नुसता चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक सेंद्रियबद्दल काहीच सांगत नाही. तो फरसाणाच्या पाकिटावरही असतो. ‘नॅचरल’, ‘गावरान’, ‘केमिकल फ्री’, ‘विषमुक्त’ या शब्दांमागे सेंद्रियसारखी तपासणी नाही. ‘रेसिड्यू फ्री’ याचा अर्थ वेगळा: रासायनिक खतं आणि औषधं वापरली आहेत, पण शेवटची फवारणी वेळेत थांबवून अंश मर्यादेखाली ठेवला आहे. द्राक्षाच्या बाबतीत हा प्रामाणिक आणि परवडणारा मधला मार्ग आहे, आम्ही तर तोच सुचवू. मातीविना पाण्यावर वाढवलेलं लेट्यूस मात्र सेंद्रिय म्हणून घेऊ नका, ते विरघळवलेल्या रासायनिक खतांवरच वाढतं.

छोट्या शेतकऱ्याला यात सूट आहे. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल आणि तो थेट गिऱ्हाइकाला विकत असेल, तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. त्याने लोगो मात्र वापरायचा नसतो. म्हणजे ज्याच्याकडे कागद नाही तो खोटाच असं नाही, पण त्याची परीक्षा तुम्हालाच घ्यावी लागते.

शेतकऱ्याला काय विचारायचं

‘सेंद्रियच आहे ना?’ हा प्रश्न फुकट जातो, उत्तर ठरलेलं असतं. त्याऐवजी विचारा: ‘मावा आला की काय मारता, दादा?’ ज्याने खरंच केलंय तो लगेच बोलायला लागतो. पाच टक्के निंबोळी अर्क, दशपर्णी (दहा झाडांच्या पाल्याचा अर्क), पिवळे चिकट सापळे, वांग्याला कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे), आणि वर तक्रार, की यंदा शेंडेअळीने निम्मी वांगी नेली. ‘आमच्याकडे कीडच येत नाही’ असं उत्तर आलं तर पिशवी उघडू नका.

मग विचारा, खत कुठलं, जनावरं किती, शेजारच्या शेतातून फवारा येऊ नये म्हणून बांधावर काय लावलंय. प्रमाणपत्र असेल तर ते नुसतं भिंतीवर टांगलेलं बघून मागे फिरू नका. त्यावर मुदत असते आणि पिकांची यादी असते. यादीत ऊस आणि हळद आहे आणि टेबलावर फ्लॉवर, तर त्या फ्लॉवरला तो कागद लागू नाही. ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात.

टेबलावर काय काय मांडलंय तेही पाहा. एका शेतात एका वेळी आठ-दहा भाज्या असतात. चाळीस प्रकार, त्यात सफरचंद आणि ब्रोकोली, म्हणजे माणूस व्यापारी आहे. व्यापारी असणं गुन्हा नाही, पण मग सूट त्याला नाही, शिक्का दाखवावा लागेल. मे महिन्यात पुण्या-मुंबईत ‘स्थानिक सेंद्रिय’ मटार किंवा पांढराशुभ्र फ्लॉवर दिसला तर प्रश्न विचाराच. पणन मंडळाच्या शेतकरी आठवडे बाजारात माल थेट शेतकऱ्याचा असतो, ताजा असतो. पण थेट म्हणजे सेंद्रिय नव्हे, ही गल्लत करू नका.

भाजीला भोक पडलंय म्हणून ती सेंद्रिय, हेही खरं नाही. औषधाला न जुमानणारी अळी फवारलेल्या वांग्यातही असते.

सोसायटीतली पंधरा-वीस घरं एकाच शेतकऱ्याकडून नेहमी घेत असतील, तर वर्षातून एकदा वर्गणी काढून एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेत कीडनाशकांची तपासणी करून घ्या. नमुना तुम्ही निवडा, न सांगता, एक किलोभर, आणि भेंडी किंवा मिरचीचाच निवडा. भोपळ्याचा अहवाल स्वच्छ आला तर त्यात नवल काय?

तेल: आधी हिशेब मांडा

लाकडी घाण्याच्या शेंगदाणा तेलात फसवणूक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, गुणाकार लागतो. एक किलो शेंगदाण्यातून घाण्यावर साधारण ४०० ग्रॅम तेल निघतं. एक लिटर तेलाचं वजन ९१० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे लिटरला सव्वादोन ते अडीच किलो दाणे. समजा दाणा १३० रुपये किलो आहे, तर नुसता कच्चा माल ३०० रुपयांच्या आसपास गेला. पेंड विकून थोडे परत येतात, पण मजुरी, वीज आणि बाटली त्यात जातात. अशा वेळी कोणी ‘शुद्ध घाण्याचं’ तेल २०० रुपयांना देत असेल, तर बाटलीत दुसरं स्वस्त तेल मिसळलेलं आहे किंवा दाणा सडका आहे. दिवसाचा दाण्याचा भाव विचारून हा हिशेब तिथेच दुकानात करा.

सडका दाणा ही जास्त वाईट शक्यता. शेंगदाण्यावर वाढणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, ते यकृताला बाधतं. रिफाईंड तेलात शुद्धीकरणात ते बरंचसं निघून जातं, घाण्याच्या तेलात तसंच राहतं. सेंद्रिय प्रमाणपत्र याच्याविरुद्ध हमी देत नाही. म्हणून घाण्यावर दाणे समोर बघून घ्या: सुरकुतलेले, काळपट, हिरवट डागाचे नकोत. चार दाणे चावून पाहा. एक जरी कडू-खवट लागला तरी तो घाणा बदला. तेल एका वेळी महिनाभराचं आणा, काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात अंधारात ठेवा. तळाशी गाळ बसणं ठीक आहे, आंबूस वास ठीक नाही.

गूळ, हळद, आंबा

कोल्हापुरी गुळाची ढेप पिवळीधमक, टणक आणि वर्षभर कोरडी राहत असेल, तर काहिलीत हायड्रोस पडल्याची शक्यता मोठी. रस उकळताना मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतात. हायड्रोस मळी काढत नाही, रंग उजळवतो, आणि गंधकाचा अंश मागे राहतो. न उजळलेला गूळ तपकिरी असतो आणि पावसाळ्यात पाझरतो. मात्र उलट वाचू नका. उसाच्या जातीने आणि जमिनीनेही रंग बदलतो, शिवाय काळपटपणा करपल्यानेही येतो. खडा गरम पाण्यात विरघळवून पाहा: पांढरा गाळ बसला तर खडूची भेसळ. आणि सेंद्रिय गूळ म्हणजे शेवटी साखरच. चहात दोन चमचे साखर सोडून तीन चमचे गूळ घातला तर बिघडलंच.

हळद पूड घेऊ नका, हळकुंड घ्या आणि डंकावरून दळून आणा. हळकुंड मोडून पाहा. बाहेरून झगझगीत आणि आत फिकट असेल तर वरून रंग चढवलाय. आत गडद नारिंगी-पिवळं आणि बाहेरून मळकट, हे चांगलं लक्षण. गार पाण्यात टाकल्यावर लगेच पिवळा रंग सुटू लागला, तरी परत द्या.

हापूस सेंद्रिय असला तरी तो कसा पिकवलाय हे शिक्का तुम्हाला सांगणार नाही. कॅल्शियम कार्बाईडवर बंदी आहे, इथिलीन वायूला परवानगी आहे. सोपा उपाय: हिरवा, भरलेला, देठाशी खळगा पडलेला आंबा घ्या आणि गवताच्या किंवा कागदाच्या आढीत घरी पिकवा. आठवडाभर लागतो, रोज वर-खाली करावा लागतो. सगळीकडे एकसारखा पिवळा, पण देठाशी वास नाही आणि कापल्यावर बाठीजवळ पांढरट, असा आंबा घाईने पिकवलेला समजा.

धुणं

साबण, डिटर्जंट वापरू नका; फळ-भाजी ते शोषून घेते. एक लिटर पाण्यात खायचा सोडा दोन सपाट चहाचे चमचे, म्हणजे साधारण दहा ग्रॅम. त्यात बारा ते पंधरा मिनिटं, मग वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून. सफरचंदावर झालेल्या एका प्रयोगात याच प्रमाणाने सालीवरचं औषध निघून गेलं, पण सालीच्या आत मुरलेलं राहिलं. हे लक्षात ठेवा: झाडाच्या रसातून फिरणारी आंतरप्रवाही औषधं कुठल्याच पाण्याने जात नाहीत. तिथे निवडच कामाला येते.

द्राक्षं घोसातून ओढून काढू नका, कात्रीने देठासकट कापा, नाहीतर देठाच्या भोकातून पाणी आत जातं. त्यावरची पांढरी पूड सगळीच औषध नसते, द्राक्षाचा स्वतःचा मेणाचा थर असतो. ठिपक्यांसारखे निळसर-पांढरे डाग मात्र फवाऱ्याचे. कोथिंबीर मोठ्या पातेल्यात बुडवून हाताने वर उचला. पातेलं चाळणीत ओतलंत की तळाची माती पुन्हा तिच्यावरच पडते. फ्लॉवरचे तुरे सुटे करा, कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, अळ्या बाहेर येतात. भाजी आधी धुवा, मग चिरा.

सेंद्रिय भाजी तर जास्तच काळजीने धुवा. जीवामृतात, म्हणजे सेंद्रिय शेतीत वापरतात त्या आंबवलेल्या द्रावणात, दोनशे लिटर पाण्याला दहा किलो ताजं शेण असतं, आणि ते पानांवर फवारलेलं असू शकतं. कच्ची खायची कोथिंबीर आणि मेथी त्याला अपवाद नाही.

घरी आणून बिघडवू नका

सेंद्रिय धान्याला कीड लवकर लागते, कारण गोदामात विषारी धुरी दिलेली नसते. मग घाबरून त्याच गव्हाला बोरिक पावडर चोळली जाते. तांदूळ निदान धुतला जातो. गहू डब्यातून थेट गिरणीत जातो, म्हणजे चोळलेली सगळी पावडर पोळीत. दुप्पट पैसे देऊन विष टाळलं आणि दहा रुपयांत ते परत घातलं. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. आणि सल्फासच्या गोळ्या घरात आणूच नका. त्यातून निघणाऱ्या वायूने बंद खोलीत झोपलेली माणसं दगावली आहेत.

गहू आणि ज्वारी एप्रिल-मेमध्ये दोन-तीन दिवस बोटभर जाडीच्या थरात कडक उन्हात घाला. दाणा दाताखाली कडकन फुटला तर वाळला, चेपला तर ओल आहे. संध्याकाळी उचलून रात्रभर पूर्ण गार होऊ द्या, मगच कोठीत भरा. गरम भरलं तर आत घाम धरतो आणि बुरशी येते. वाळवूनही धान्य खराब झालं, असं म्हणणाऱ्यांचं बहुधा इथेच चुकतं. कोठी काठोकाठ भरा, वर कडुलिंबाचा सावलीत वाळवलेला पाला. अख्ख्या तुरीला, मुगाला, हरभऱ्याला किलोला एक लहान चमचा एरंडेल चोळा, भुंग्याची अंडी दाण्यावर टिकत नाहीत.

रवा, पिठं आणि डाळी साठवू नका, पंधरवड्याच्या आणा. आणल्यावर किलोकिलोच्या बंद पिशव्या करून चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, डोळ्यांना न दिसणारी अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी गार असताना उघडू नका, पाणी सुटून पीठ गोळा होतं.

तांदळात सोंडे झाले तर उन्हात घालू नका. तांदूळ तडकतो आणि भात मोकळा होण्याऐवजी कण्या होतात. सावलीत, कागदावर, पातळ पसरा. सोंडे दोन तासांत आपणच कडेला निघतात. मग चाळून घ्या आणि तो तांदूळ आधी संपवा.